तिसरा गिअर राहत नाही

माझ्या नवऱ्याने आयुष्यभर गिअर काढले. काढले म्हणजे कागदावर, आणि पुढे कॉम्प्युटरवर. यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तो होता. निवृत्तीच्या समारंभात साहेब भाषणात म्हणाले, "यांनी काढलेले दात आज देशभर फिरताहेत." माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना वाटलं, हा दातांचा डॉक्टर आहे. आम्ही नौपाड्यात राहतो, तिथे दर दुसऱ्या दारावर दातांच्या डॉक्टरची पाटी. त्यामुळे त्यांची चूक म्हणता येणार नाही.

माझा मोठा भाऊ ठाकुर्लीला राहतो. तो बँकेतून निवृत्त झाला. यंत्रातलं आपल्याला कळत नाही हे तो मोकळेपणाने सांगतो, पण लगेच पुढे म्हणतो, "माणसं मात्र मला कळतात." कर्ज मागायला आलेला माणूस खुर्चीत कसा बसतो यावरून तो फेडेल की बुडवेल हे आपल्याला समजायचं, असा त्याचा दावा आहे. बुडालेल्या कर्जांचं काय, हे त्याला अजून कोणी विचारलेलं नाही.

एकाला यंत्र कळतं, दुसऱ्याला माणूस. असे हे दोघं जुना ट्रॅक्टर घ्यायला निघाले.

कारण होतं जमीन. मुरबाडच्या पुढे आईकडून आम्हा दोघा भावंडांना थोडी भातजमीन आली आहे, अर्धी दादाची, अर्धी माझी. गावात भाड्याने ट्रॅक्टर चालवणारा एकच माणूस. तो आधी सगळ्या गावाची चिखलणी उरकायचा आणि शेवटी, म्हणजे लोकांची लावणी संपत आली की, आमच्या बांधावर उगवायचा. दादाने त्याला फोनवरून झापलं, तेव्हा त्याने आम्हाला सगळ्यांत शेवटी टाकलं. त्याच दिवशी दादाने जाहीर केलं, "आपला स्वतःचा ट्रॅक्टर पाहिजे." नवा घ्यावा एवढी आमची जमीन नाही, म्हणून जुना.

मग अभ्यास सुरू झाला. नवरा सकाळी चहाचा कप घेऊन मोबाइलवर व्हिडिओ लावून बसायचा. पंजाबातला कोणी ट्रॅक्टर उघडून दाखवतोय, हरियाणातला कोणी दुसराच ट्रॅक्टर उघडून पहिल्याला शिव्या देतोय. दोघांशीही हा मान हलवून सहमत. मी मेथी निवडत असले की समोर येऊन बसायचा आणि शिकवायला लागायचा.

"इंजिनाला लोक भुलतात. इंजिन कोणीही दुरुस्त करतं. खरं बघायचं ते इंजिनाच्या मागे. क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत पोचते ती यांच्यातून. बॉनेटला रंग लावता येतो, झिजलेल्या दातांना लावता येतो का?"

"नाही," मी म्हणायचे.

"गिअरबॉक्सच्या तेलाचा रंग बघायचा. दुधाच्या चहासारखा दिसला तर आत पाणी गेलंय. मागचं चाक उचलून हाताने हलवायचं. फार मोकळं हललं तर आत दात झिजलेत. आणि चढ-उतारावर, ओझं लावून चालवून बघायचं. झिजलेला गिअर ओझ्याखाली आपोआप सुटतो."

हे सगळं बरोबर होतं. ते मी आजही नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की माणसाला उत्तर पाठ असूनही तो नापास होऊ शकतो, हे मी तेव्हापर्यंत पाहिलेलं नव्हतं.

पहिला ट्रॅक्टर कल्याणला पाहिला, जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दलालाकडे. जमीन माझीही, म्हणून मलाही नेलं होतं. तांबडा रंग इतका ताजा होता की दादाच्या बाहीला लागला. मागच्या चाकाच्या आतून तेल ओघळत होतं. नवऱ्याने वाकून बोट फिरवलं आणि दलालाला दाखवलं.

दलाल जराही गडबडला नाही. "साहेब, तेल गळतंय म्हणजे आत तेल आहे. कोरडा असता तर काळजी."

त्याला प्रत्येक गोष्टीचं असं उत्तर होतं. गिअर घरघरतो, कारण मजबूत आहे. क्लच उशिरा पकडतो, कारण सवयीचा आहे. दादाने दोन मिनिटं त्याच्याकडे रोखून बघितलं आणि रिक्षात बसल्यावर निकाल दिला, "खोटारडा." नवरा म्हणाला, "आणि एक्सलचं सील गेलंय." दोघं एकमेकांवर खूश झाले. खरं म्हणजे तो दलाल खोटारडा आहे हे रस्त्यापलीकडच्या ऊसवाल्यालाही माहीत असणार. पण त्या दिवसापासून दोघांना आपण या धंद्यातले जाणकार झाल्याचं वाटायला लागलं, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

दुसरा ट्रॅक्टर बाळकुमला होता. तिथल्याच जुन्या शेतकरी घरातला एक माणूस तो विकत होता. शेत कधीच गेलं होतं, त्या शेतावर टॉवर उभा होता आणि त्या टॉवरमध्ये त्याचे एकावर एक असे काही फ्लॅट होते. ट्रॅक्टर खाली पार्किंगमध्ये, त्याच्या पांढऱ्या मोठ्या गाडीच्या बाजूला ताडपत्रीखाली उभा होता, मागे ट्रॉली लावून. मनगटात सोन्याचं जाड कडं, पायात घरातली स्लिपर, असा तो लिफ्टमधून खाली आला आणि ताडपत्री काढायच्या आधी बोलायला लागला.

"आदी आयकून घ्या. तिसरा गिअर ऱ्हात नाय. सपाटीवर ऱ्हातो, भार आला का निसटतो. उतारावर तर हमखास. एकदा पुराच्या पान्यात उभा व्हता, तवापासून गिअरबॉक्समदी पानी जातं. मागचं चाक पन ढिलं हाय. बापूस होता तवा चालवायचा. आता गनपतीला नि हलदीला ट्रॉली ओढतो, तेवराच."

ट्रॅक्टर विकायला निघालेला माणूस असं बोलतो, हे कुठल्याही व्हिडिओत नव्हतं.

"मग विकता कशाला?" दादाने विचारलं.

"सोसायटीवाले बोंबलतात, पार्किंगची जागा खातो म्हनून. आयस बोलते नको इकू. पन तुमाना घ्यायचाच आसंल तर गिअरबॉक्स खोलून घ्या. मगच शेतात घाला."

दादाने डोळे बारीक केले. कर्ज नाकारायच्या आधी तो असे डोळे बारीक करत असणार. नवऱ्याने गिअरबॉक्समधली तेल मोजायची पट्टी काढून बघितली. माझ्या जागेवरूनही मला तेल दिसलं. उडप्याकडच्या चहाचा रंग.

"दमट हवा आहे," नवरा म्हणाला. "थोडं असं होतं."

"नाय हो, पुराचं पानी हाय," तो माणूस म्हणाला.

नवऱ्याने मग त्याला तेल आणि पाणी यांचं मिश्रण कसं होतं ते समजावून सांगितलं. बराच वेळ सांगितलं. त्या माणसाने मधेच एक फोन घेतला, बोलून झाला, तरी हे चालूच होतं.

मग ट्रॅक्टर चालवून पाहायचं ठरलं. ट्रॉली सोडवली, आणि टॉवरच्या आवारातल्या गुळगुळीत काँक्रीटवर मोकळा ट्रॅक्टर नवऱ्याने स्वतः चालवला. पहिला, दुसरा, तिसरा. वॉचमन शिट्टी मारत मागे धावत होता, पहिल्या मजल्यावरच्या एक बाई गॅलरीतून धुराबद्दल ओरडत होत्या, आणि तिसरा गिअर जागचा हलला नाही.

"बघा!" नवरा वरून ओरडला. "राहतोय की!"

"सपाटीवर ऱ्हातो, मी तेच बोललो," तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला. मग खांदे उडवून हसला.

मी त्याला विचारलं, "तुम्ही सगळं आधीच सांगून टाकता?"

"खोटं बोललो का ध्यानात ठेवाया लागतं, बाय. नि मंग तुमी भांडाया येनार. कोन डोकं लावंल?"

परतताना रिक्षात मी म्हटलं, "गिअर राहत नाही, पाणी जातंय, चाक ढिलं आहे. सोडून द्या."

दादा हसला. लहान बहिणीकडे बघून हसतात तसं. "अगं, विकणारा माणूस स्वतःहून दोष सांगतो का कधी? विचार कर. त्याला आपल्याला विकायचाच नाहीये. दुसरं गिऱ्हाईक आलेलं असणार, जास्त देणारं. म्हणून आपल्याला कटवतोय. मी बँकेत अशी माणसं रोज पाहिली आहेत."

"आणि तांत्रिकदृष्ट्या," नवरा म्हणाला, "मी स्वतः चालवून बघितलाय."

"अहो, ओझं लावून बघायचं असतं, असं तुम्हीच मेथी निवडताना मला सांगितलं होतंत."

"ते सर्वसाधारण झालं," तो म्हणाला.

घाई कशी होते ते मी तेव्हा शिकले. कल्याणचा दलाल घ्या घ्या म्हणत होता, तर यांना तो नको होता. बाळकुमचा माणूस नको नको म्हणत होता, तर त्या काल्पनिक दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या आधी पोचायचं म्हणून आठवड्याच्या आत व्यवहार उरकला.

ट्रॅक्टर न्यायच्या दिवशी त्या माणसाची आई खाली उतरली. कासोटा घातलेलं लुगडं, कपाळावर ठसठशीत गोंदण. तिने बॉनेटवर हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मागच्या चाकावरच्या पत्र्यावर हात ठेवून उभी राहिली. पुढे प्रवासात माझा नवरा जिथे उभा राहणार होता, तीच ती जागा. तिचा नवरा शेतातून परत येताना तिला तिथे बसवून आणायचा, असं तिच्या मुलाने सांगितलं. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "बाय, याला हल्लू न्या." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बाजूला दादा ड्रायव्हरला सांगत होता की उशीर झालाय.

ड्रायव्हर भाड्याचा होता, डंपर चालवणारा. ट्रॅक्टर टेम्पोवर चढवून न्यावा असं तो म्हणाला होता. पण दादा म्हणाला, चालता ट्रॅक्टर टेम्पोवर चढवणं म्हणजे धडधाकट माणसाला स्ट्रेचरवर झोपवणं. शिवाय ट्रॉली होतीच. ती रिकामी कशाला न्यायची? म्हणून वरात आधी ठाकुर्लीला दादाच्या घरी गेली. वहिनीला जे जे वर्षानुवर्षं घरातून घालवायचं होतं, ते सगळं शेतावरच्या खोलीसाठी म्हणून ट्रॉलीत चढलं. लोखंडी कपाट, दोन खाटा, पाण्याची टाकी, जुना पाटा, आणि पलंगाखालच्या फरशा, ज्या कशाला ठेवल्या होत्या ते कोणालाच आठवत नव्हतं. ट्रॉलीची चाकं दबलेली मला दिसली.

"ओझं लागलं बघा आता," मी नवऱ्याला म्हटलं. त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

नवरा ड्रायव्हरच्या बाजूला, चाकावरच्या पत्र्याला धरून उभा राहिला. मी आणि दादा मागून दादाच्या गाडीत. ठाकुर्लीचा पूल चढताना ट्रॅक्टर गुरगुरला, पण चढला. दादाने स्टिअरिंगवर हात आपटला. "मशीन आहे, मशीन!"

आणि पुलाच्या उतारावर तिसरा गिअर सुटला.

आम्हाला मागून आधी आवाजच ऐकू आला, एक जोराचा खट्ट. मग इंजिनाचा आवाज एकदम मोकळा झाला आणि ट्रॅक्टर पुढे जायला लागला, म्हणजे ट्रॉली त्याला ढकलायला लागली. ड्रायव्हर दोन्ही हातांनी गिअरची दांडी ओढत होता आणि आत नुसता करकर आवाज येत होता. ब्रेक होते, पण एवढं सामान थांबवायला पुरेसे नव्हते. नवरा ओरडत होता ते मला काच खाली करून स्पष्ट ऐकू आलं. "क्लच दाब! क्लच दाब!" आणि लगेच, "क्लच सोड! दाबू नको!" पुढे एक शाळेची बस होती. तिच्या मागच्या काचेत दोन मुलं जीभ काढून दाखवत होती. त्यांची जीभ तशीच राहिली.

दादा गाडी चालवत होता, पण तोंडाने फक्त "अरे, अरे, अरे" म्हणत होता. माणसं कळणाऱ्या माणसाचं एवढंच.

ड्रायव्हरचं डोकं ठिकाणावर होतं. पुलाच्या पायथ्याशी कसलं तरी खोदकाम चाललं होतं. आमच्याकडे ते कायम कुठे ना कुठे चालू असतं आणि आम्ही त्याला कायम शिव्या देतो. त्याने बस चुकवून ट्रॅक्टर डावीकडे त्या मातीच्या ढिगात घातला. पुढची चाकं ढिगावर चढली, ट्रॉली आडवी फिरली, कपाट आपल्याच ऐटीत रस्त्यावर उतरलं आणि दार उघडून पडलं. नवरा उडून मातीत बसला. बसला म्हणजे अगदी मांडी घालून.

मी धावत गेले. मनगट मुरगळलं होतं, बाकी काही नाही. ड्रायव्हर खाली उतरला, त्याने दोन्ही हात कानाला लावले, आणि किल्ली दादाच्या हातात देऊन सरळ चालू पडला. तो परत दिसला नाही.

पुलाच्या दोन्ही बाजूंना हॉर्न वाजायला लागले. एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून नवऱ्याला विचारलं, "काका, इकडेच पेरणी करायची काय?" आजूबाजूचे सगळे हसले. मला सांगायला वाईट वाटतं, पण मीही हसले. भीती उतरायला लागली की माणूस कशालाही हसतो. नंतर त्याच रिक्षावाल्याने आणखी चारपाच जणांना गोळा करून कपाट उचललं आणि ट्रॉली बाजूला घेतली.

ट्रॅक्टर ओढून कल्याणच्या एका गॅरेजमध्ये नेला. तिथला मेकॅनिक उद्या उद्या करत राहिला आणि अखेर गिअरबॉक्स उघडला तेव्हा आम्हाला बोलावलं. मी मुद्दाम गेले. आतून राखाडी चिखल निघाला. त्यातून एकेक गिअर काढून त्याने कागदावर ठेवला. तिसऱ्या गिअरच्या दातांची टोकं झिजून गोल झाली होती, आणि गिअरला जागेवर धरून ठेवणारा फोर्क वाकलेला होता.

नवऱ्याने तो गिअर मुरगळलेल्या हाताने उचलला आणि बराच वेळ फिरवून बघितला. मला वाटलं, आता पुन्हा शिकवणी. पण तो हळूच म्हणाला, "मी इतके काढले ना, सगळे नवेच काढले." त्या क्षणी मला त्याची कीव आली. तेवढ्यात दादा म्हणाला, "आपल्याला फसवलंय," आणि नवऱ्याने लगेच गिअर खाली ठेवून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बाळकुमला. तो माणूस खाली आला, नवऱ्याच्या मनगटाची पट्टी बघितली आणि म्हणाला, "निसटला?"

"तुम्ही आम्हाला फसवलंत," दादा म्हणाला.

"मी सांगितलं व्हतं."

"सांगितलंत, पण असं सांगतात का? नीट सांगायला हवं होतं!"

"नीट म्हंजे कसं?"

दादाने नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "जरा जोर देऊन."

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी वॉचमनच्या टेबलावरचा पंखा बघायला लागले.

मग तो म्हणाला, "एक काम करा. परत द्या. तुमचे पैसे घ्या. आयस रोज इचारते, ट्रॅक्टर कुटं पोचला. मना ऐकवत नाय. सोसायटीवाल्यांचं मी बघतो."

याहून चांगलं काय हवं होतं? मी हो म्हणणार, तेवढ्यात दादाने माझा हात दाबला. त्याने पुन्हा डोळे बारीक केले होते. आम्हाला बाजूला नेऊन तो कुजबुजला, "परत मागतोय. म्हणजे काहीतरी आहे. जुन्या मॉडेलला भाव आला असणार. भाऊजी, देऊ नका."

आणि माझा नवरा, ज्याने आदल्या दिवशी तो गिअर हातात धरला होता, तो म्हणाला, "फोर्क बदलला तर तसा चांगला आहे."

तिथे माझा संयम सुटला. मी एवढ्या मोठ्याने बोलले की पहिल्या मजल्यावरच्या बाई पुन्हा गॅलरीत आल्या. "जमीन अर्धी माझी आहे. ट्रॅक्टरही अर्धा माझा. माझा अर्धा मी परत देतेय. तुम्हाला उरलेला अर्धा ठेवायचा तर ठेवा. मागचा ठेवा, गिअरबॉक्स त्यातच आहे."

त्या माणसाने तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. पैशाचं त्याच दिवशी मिटलं. गॅरेजमधून ट्रॅक्टर त्याने स्वतःच आणवला, या वेळी टेम्पोवर. आमची चिखलणी त्या वर्षीही भाड्याच्या ट्रॅक्टरनेच झाली. फक्त गावातल्या त्या ट्रॅक्टरवाल्याला फोन दादाऐवजी मी केला, त्याच्या मुलीची दहावी कशी गेली ते विचारलं, आणि त्याने आम्हाला मधल्या नंबरावर घेतलं.

दिवाळीनंतर डोंबिवलीत नवऱ्याच्या भाच्याचा साखरपुडा होता. पंगतीत दादाच्या भोवती पाचसहा जण जमले होते आणि तो ट्रॅक्टरची गोष्ट सांगत होता. बस होती, उतार होता, माती होती, पण ट्रॅक्टर वळवायला मात्र दादाच ओरडला होता. "त्या माणसाने आम्हाला फसवायचा खूप प्रयत्न केला," तो म्हणाला, "पण आम्ही बरोबर त्याच्या गळ्यात परत मारला."

मी पुरी तोडत होते. म्हटलं, "दादा, त्याने सगळं खरं सांगितलं होतं."

माझा नवरा शेजारीच होता. तो म्हणाला, "तेच तर. खरं सांगून फसवलं. ही नवीन पद्धत आहे."

सगळ्यांनी माना हलवल्या. सगळे शिकलेले लोक. त्यातले एक काका, ज्यांनी नुकतीच कर्जतकडे जमीन घेतली होती, खिशातून मोबाइल काढून म्हणाले, "त्या बाळकुमवाल्याचा नंबर आहे का हो? मीही एक जुना बघतोय."